फुप्फुसाचे ऑपरेशन : वाट पाहण्याचे दिवस वाया घालवू नका



मागच्या हिवाळ्यात मी थोरल्या बहिणीकडे जर्मनीला महिनाभर राहून आले. भाओजींच्या उजव्या फुप्फुसात गाठ निघाली होती. तपासणीत ती कॅन्सरची ठरली होती आणि ऑपरेशनला तीन आठवडे होते. मी तीस वर्षे नर्सिंग केले, म्हणून ताईला माझा आधार वाटला. पण पोहोचल्याबरोबर भाच्याने मला दारातच बाजूला घेतले. ‘मावशी, पप्पांसमोर कॅन्सर म्हणू नकोस. साधी गाठ आहे एवढंच आम्ही त्यांना सांगितलंय.’

भाओजींना जर्मन येत नाही. डॉक्टर बोलायचे, भाचा मराठीत सांगायचा आणि सांगताना तेवढा एक शब्द गाळायचा. त्यात वाईट हेतू कुठेच नव्हता. आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले आहे. मीही वॉर्डात कितीतरी नातेवाइकांच्या सांगण्यावरून गप्प राहिले आहे.

पण त्या घरात दोन दिवसांत मला काय दिसले ते सांगते. भाओजी सकाळ-संध्याकाळ बाल्कनीत जाऊन सिगारेट ओढत होते. श्वासाच्या व्यायामासाठी दिलेले यंत्र फ्रिजवर डब्यात तसेच बंद पडले होते. वजन चार किलोने उतरले होते आणि ताई त्यांना ‘पोटाला हलकं’ म्हणून पेज देत होती. चला, फिरून येऊ म्हटले तर म्हणाले, ‘साध्या गाठीसाठी एवढं कशाला?’ त्यांचे काय चुकले? साध्या गाठीसाठी कोण एवढे करतो?

तिसऱ्या दिवशी सर्जनची भेट होती. त्यांनी दुभाषी लावला आणि पहिलाच प्रश्न भाओजींना केला, ‘तुम्हाला काय झालं आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा.’ भाओजी म्हणाले, ‘साधी गाठ आहे.’ सर्जनने पेन खाली ठेवले, भाच्याकडे पाहिले आणि मग हळूहळू, थांबत थांबत सगळे खरे सांगितले. गाठ कॅन्सरची आहे, लवकर सापडली आहे, काढता येण्याजोगी आहे.

परत येताना गाडीत कोणी बोलले नाही. रात्री भाओजी थोडेच जेवले. सकाळी उठून त्यांनी ताईला विचारले, ‘ऑपरेशनला किती दिवस आहेत?’ ताई म्हणाली, ‘एकोणीस.’ ‘मग तो फ्रिजवरचा डबा खाली काढ.’

आजच्या लेखात मला सांगायचे आहे ते हेच. ऑपरेशनची तारीख मिळाल्यापासून त्या तारखेपर्यंतचे दिवस हा उपचाराचाच भाग आहे, आणि त्यातले बरेचसे काम रोग्याने स्वतः करायचे असते. ज्याला आपला आजार माहीत नाही, तो हे काम करू शकत नाही.

खरे कोणी, कसे सांगायचे

जर्मनीत २६ फेब्रुवारी २०१३ पासून रोग्यांच्या हक्कांचा कायदा लागू आहे. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरने रोग्याशी समोरासमोर बोलून आजार, उपचार, धोके आणि दुसरे पर्याय समजावून द्यावे लागतात. तेही रोग्याला समजेल अशा रीतीने, आणि विचार करायला वेळ मिळेल इतके आधी. या भेटीला तिथे ‘आउफक्लेरुंग’ म्हणतात. सही केलेल्या कागदांची प्रत रोग्याला मिळते, आणि सही केल्यावरही संमती मागे घेता येते. ‘मला सगळे ऐकायचे नाही’ असे म्हणण्याचा हक्कही रोग्याला आहे. पण ते रोग्याने स्वतः म्हणायचे असते, मुलाने त्याच्या वतीने ठरवायचे नसते.

ज्यांची मुले परदेशी आहेत आणि ज्यांना तिथली भाषा येत नाही, त्यांनी भेटीची वेळ घेतानाच दुभाष्याची सोय आणि त्याचा खर्च कोणाकडे, हे विचारून ठेवावे. मुलाला दुभाषी करू नये. बापाला अशी बातमी सांगणे आणि त्याच वेळी तिचे बिनचूक भाषांतर करणे, ही दोन्ही ओझी एका माणसावर टाकणे बरोबर नाही.

दात भरून घेतलेला रोगी

फुप्फुस काढल्यावर माणूस जगतो कसा, असे पुष्कळांना वाटते. शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरांनाही तसेच वाटे. १९३१ मध्ये बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलात रुडॉल्फ निसेन या ज्यू सर्जनने एका मुलीचे अख्खे फुप्फुस दोन टप्प्यांत काढले आणि ती वाचली. तिला कॅन्सर नव्हता, पण एका फुप्फुसावर माणूस जगू शकतो हे त्यातून दिसले.

दोन वर्षांनी, ५ एप्रिल १९३३ ला, अमेरिकेत सेंट लुईस येथे एव्हर्ट्‌स ग्रॅहम यांनी कॅन्सरसाठी डावे फुप्फुस एकाच वेळी संपूर्ण काढले. रोगी होते जेम्स गिलमोर, स्वतः डॉक्टर. ते त्यानंतर सुमारे तीस वर्षे जगले. ग्रॅहम स्वतः सिगारेट ओढत. ते १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनेच गेले, आपल्या रोग्याच्या आधी. इकडे जर्मनीत त्याच एप्रिलच्या १ तारखेला ज्यूंच्या दुकानांवर आणि दवाखान्यांवर बहिष्कार पुकारला गेला. त्याच वर्षी निसेन देश सोडून इस्तंबूलला गेले.

गिलमोर यांची एक हकीकत सांगतात. ऑपरेशनच्या आधी ते घरची कामे आटोपून आले. त्या दिवसांत त्यांनी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन दात भरून घेतले आणि दफनासाठी जागाही विकत घेऊन ठेवली. मला हा माणूस फार शहाणा वाटतो. दात भरून घेतले, म्हणजे जगायची तयारी केली. जागा घेतली, म्हणजे मरणाची भीती मनात दाबून न ठेवता तिचे काम उरकून टाकले. दोन्ही तयारी एकाच मनात राहू शकतात. आणि हे त्यांना करता आले, कारण आपल्याला काय झाले आहे ते त्यांना पक्के ठाऊक होते.

ऑपरेशन म्हणजे नेमके काय

उजव्या फुप्फुसाचे तीन कप्पे असतात आणि डाव्याचे दोन. बहुतेक वेळा गाठ ज्या कप्प्यात असते तो कप्पा आणि आसपासच्या लसिका ग्रंथी काढतात. गाठ लहान असेल तर कप्प्याचा एखादा भागच काढतात. अख्खे फुप्फुस काढायची वेळ आता पूर्वीपेक्षा कमी येते. पुष्कळ ठिकाणी छातीवर लहान छेद घेऊन, कॅमेऱ्याच्या किंवा रोबोच्या मदतीने काम होते. काहींना मोठा छेद घ्यावाच लागतो.

त्याआधी सीटी, पेट-सीटी, श्वासनळीत दुर्बीण घालून तपासणी, कधी मेंदूचा एमआरआय अशा चाचण्या होतात. आजार कुठवर आहे हे त्यातून कळते. दुसऱ्या चाचण्या असतात त्या रोग्याच्या ताकदीच्या : नळीत फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणे, हृदयाची तपासणी, जिना चढायला लावणे किंवा सायकल चालवायला लावणे. या चाचण्यांना घाबरू नये. कप्पा काढल्यावर उरलेल्या फुप्फुसावर आपले भागेल का, हे त्यातून कळते. जर्मनीतल्या मान्यताप्राप्त फुप्फुस कॅन्सर केंद्रांत सर्जन, छातीचे डॉक्टर, रेडिएशनचे आणि औषधांचे डॉक्टर एकत्र बसून प्रत्येक रोग्याचा विचार करतात. तुम्ही कुठेही असा, ‘माझ्या केसवर असा एकत्र विचार झाला का?’ हे जरूर विचारा.

शरीराची तयारी

पहिली गोष्ट धूम्रपान. सिगारेट, विडी आजच बंद. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी सोडलेली उत्तम. पण दिवस कमी उरले म्हणून चालू ठेवू नये. ‘ऐन वेळी सोडली तर कफ वाढतो’ हे ऐकीव आहे, त्यावर विसंबू नका. तलफ आवरत नसेल तर निकोटिनच्या पट्ट्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. तंबाखू आणि मिशरीही यातच आल्या. घरातल्या इतरांनीही रोग्याजवळ ओढू नये.

दुसरी गोष्ट श्वास. तीन रंगीत चेंडूंचे प्लॅस्टिकचे यंत्र पुष्कळांना मिळते. बरेच जण त्यात फुंकतात. त्यात फुंकायचे नसते, श्वास आत ओढायचा असतो. ताठ बसा, श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, सावकाश खोल श्वास ओढा, दोन-तीन सेकंद धरा आणि सोडा. एका वेळी दहा श्वास, दिवसातून चार-पाच वेळा. चक्कर आली तर थांबा. खोकायचेही आत्ताच शिकून घ्या : ऑपरेशन होणार त्या बाजूला उशी घट्ट धरायची आणि चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा ‘हा’ करून श्वास जोरात बाहेर टाकायचा. ऑपरेशननंतर कफ साठला तर न्यूमोनिया होतो. दुखत असताना नवे शिकणे कठीण जाते. आधी सवय असली की जमते.

तिसरी गोष्ट चालणे. रोज दोन वेळा, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने. पहिल्या दिवशी दहा मिनिटे चालवली तरी पुरे. मग हळूहळू वाढवा. जिना असेल तर त्याचा उपयोग करा. छातीत दुखले किंवा दम फार लागला तर थांबून डॉक्टरांना कळवा.

चौथी गोष्ट खाणे. पेजेवर जखम भरत नाही. कॅन्सरच्या रोग्याला साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम मासळीत सुमारे २० ग्रॅम, वाटीभर शिजलेल्या डाळीत ७ ग्रॅमच्या आसपास. आपल्या रश्श्यात दह्याऐवजी नारळाचे दूध असते, तेव्हा दही-पनीर सकाळच्या खाण्यात ठेवा आणि कोंबडी किंवा मटण दुपारी. भूक नसेल तर थोडे थोडे सहा वेळा द्या. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रथिने वाढवावीत. ऑपरेशनची वाट पाहत असताना किप्पूर आला, तर उपासाबद्दल आधी डॉक्टरांना आणि मग रब्बींना विचारा. जीव वाचवणे शब्बाथपेक्षाही मोठे, ही आपलीच शिकवण आहे.

पाचवी गोष्ट दात. गिलमोर यांचे बरोबरच होते. भूल देताना घशात नळी घालतात, तेव्हा हलता दात तुटू शकतो. आणि तोंड अस्वच्छ असेल तर तिथले जंतू फुप्फुसात उतरतात. दात दाखवून घ्या, दोन वेळा घासा. कवळी असेल तर आधी सांगा.

सहावी गोष्ट औषधे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. त्यात आयुर्वेदिक चूर्णे, लसणाच्या आणि माशाच्या तेलाच्या गोळ्याही आल्या, कारण काहींनी रक्त पातळ होते. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नका. कोणती कधी थांबवायची ते लिहून घ्या. पंडुरोग असेल किंवा साखर वाढलेली असेल, तर त्यावर उपचार करायला हेच दिवस आहेत.

मनाची तयारी

खरे कळल्यावर भाओजींना चार रात्री झोप लागली नाही. एका रात्री मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात अंधारात बसलेले. म्हणाले, ‘माझ्याच सिगारेटींनी सगळ्यांना या फेऱ्यात घातलं.’ ही टोचणी पुष्कळांना असते. सिगारेटने हा कॅन्सर होतो हे खरे आहे, आणि म्हणूनच ती सोडायची. पण आजार म्हणजे शिक्षा नव्हे. कधीही सिगारेट न ओढलेल्यांनाही हा रोग होतो. जर्मनीतच सॅक्सनी प्रांतातल्या श्नेबर्गच्या खाणींत काम करणारे मजूर फुप्फुसातल्या गाठींनी मरतात, असे हार्टिंग आणि हेस्से या डॉक्टरांनी १८७९ मध्ये लिहून ठेवले. तो कॅन्सर होता आणि खडकांतून निघणारा रेडॉन वायू त्याचे कारण होता, हे पुढे कळले. दोष कोणाचा, याचा हिशेब करण्यात रोग्याची शक्ती जाते. ती शक्ती त्याला श्वासासाठी हवी आहे. घरच्यांनी ‘तरी सांगत होतो’ हे वाक्य तोंडातून काढू नये.

भीती वाटणे ही कमजोरी नव्हे. भीतीचे प्रश्न करा आणि वहीत लिहा. भूल उतरल्यावर श्वास घेता येईल का? किती दुखेल? अख्खा कॅन्सर निघेल का? पुढे औषधे लागतील का? भाओजींनी सतरा प्रश्न लिहिले होते. त्यातल्या बाराची उत्तरे ऐकून त्यांना हायसे वाटले. पाचांना डॉक्टर म्हणाले, ‘ऑपरेशननंतरच कळेल.’ तेही उत्तरच आहे. मान्यताप्राप्त केंद्रांत कॅन्सरच्या रोग्यांशी बोलणारे मानसतज्ज्ञ असतात. ते रोग्याशी बोलतात, तसे घरच्यांशीही. त्यांच्याकडे गेल्याने माणूस वेडा ठरत नाही. रात्र रात्र झोप नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर लगेच सांगा.

कागदपत्रेही मनाच्या तयारीतच येतात. मी बोलू शकलो नाही तर निर्णय कोणी घ्यायचा, आणि मला कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे लिहून ठेवा. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून अशा वेळी नवरा-बायकोला एकमेकांसाठी वैद्यकीय निर्णय घेता येतात, तेही जास्तीत जास्त सहा महिने; मुलांना हा हक्क आपोआप मिळत नाही. म्हणून मुलावर भार टाकायचा असेल तर मुखत्यारपत्र हवे. ते केल्याने अपशकुन होत नाही.

आणि प्रार्थना. हाजानांकडून मि शेबेराख म्हणून घ्या, तेहिलीम वाचा, एलियाहू हानाबीचा मलिदा बोला. नवसाने मनाला बळ येते. फक्त नवस बोललो म्हणून सिगारेट चालते, असे मात्र समजू नका.

हॉस्पिटलात आणि नंतर

साधारणपणे ऑपरेशनच्या सहा तास आधी खाणे बंद आणि दोन तास आधी पाणी बंद असते. पण तुमचे हॉस्पिटल सांगेल तेच पाळा. जागे झाल्यावर छातीतून एक नळी बाहेर आलेली दिसेल. तिच्यातून हवा आणि पाणी निघते, बाटलीत बुडबुडे येतात. हे आधी माहीत असले की रोगी आणि घरचे दचकत नाहीत. दुखणे सोसून गप्प बसू नका. दुखते म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि तिथूनच त्रास सुरू होतो. वेदनेचे औषध मागणे हे बरे होण्याचेच काम आहे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बसवतील, उभे करतील. नाही म्हणू नका.

जर्मनीत सरकारी विमा असलेल्यांना हॉस्पिटलात दिवसाला १० युरो भरावे लागतात, वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. घरी जाण्यापूर्वी तिथल्या समाजसेवा विभागाला भेटा. पुनर्वसन केंद्रात साधारण तीन आठवडे राहण्याचा अर्ज तेच करतात आणि ते राहणे सहसा दोन आठवड्यांच्या आत सुरू होते. परदेशातून आलेल्या नातेवाइकांनी रोग्याचे विमानाचे तिकीट डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नये.

घरी गेल्यावर ताप, वाढत जाणारा दम, खोकल्यातून रक्त, पोटरीला सूज किंवा जखमेतून पू दिसला तर थांबू नका. जर्मनीत ११२, इस्राएलमध्ये १०१, महाराष्ट्रात १०८ फिरवा.

भाओजींच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा कप्पा काढला. दुसऱ्या दिवशी नर्स त्यांना उठवायला आली तेव्हा त्यांनी स्वतःच उशी उचलून छातीला धरली. ती नर्स माझ्याकडे बघून हसली. पुढच्या तपासण्या वर्षानुवर्षे चालणार आहेत आणि त्यांचे निकाल आज कोणी सांगू शकत नाही. भाच्याने मात्र मला विमानतळावर सोडताना एक सांगितले, ‘मावशी, मला वाटत होतं की ते कळल्यावर खचतील. ते खचले नाहीत. लपवून लपवून मीच खचलो होतो.’

ज्या घरात आज कोणी ऑपरेशनची वाट पाहत आहे, त्या घराला माझी विनंती आहे : आज संध्याकाळी टीव्ही बंद करून त्या माणसाजवळ बसा आणि त्याला काय माहीत आहे ते विचारा. उद्या सकाळी दोघे मिळून फिरायला जा.

सर्व रोग्यांना रफुआ श्लेमा.